बोटांना काहीच लागत नाही

आमचं जुनं वॉशिंग मशीन १९ वर्षं चाललं. सेमी ऑटोमॅटिक, दोन टबवालं. त्याचा धुण्याचा नॉब पिळला की चावी भरल्यासारखा आवाज यायचा आणि मग तो टिकटिक करत हळूहळू उलटा फिरत शून्यावर यायचा, म्हणजे मी दुसऱ्या खोलीत असले तरी टिकटिक ऐकून कळायचं की चालू आहे, आणि जाता येता नुसती नजर टाकली तरी कळायचं अजून किती राहिलंय. मागच्या वर्षी त्याची मोटर गेली, दुरुस्तीवाला म्हणाला आता पार्ट येत नाहीत, आणि मुलाने नवीन आणलं. फ्रंट लोड, फुल्ली ऑटोमॅटिक, वायफायवालं. पुढे काळं काचेचं पॅनल, सगळं टच. एक बटण वर आलेलं नाही की एक खळगा नाही.

त्या पॅनलबरोबर माझे पाच महिने कसे गेले ते लिहिते आहे. माझं वय ६९. माझ्या वयाचे कितीतरी जण यातून जात असणार आणि घरात बोलत नसणार, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी एक सांगायला हवं. मी ३१ वर्षं टायपिस्ट म्हणून नोकरी केली. आधी साधा टाइपरायटर, मग इलेक्ट्रॉनिक, मग कॉम्प्युटर. रिबन बदलणं, एकमेकांत अडकलेल्या काड्या सोडवणं, ऑफिसात नवीन प्रिंटर आला की त्याचं पुस्तक वाचून तो चालू करणं, हे सगळं मीच करायचे. त्यामुळे "या वयात मशीनची भीती वाटतेच" हे जे वाक्य मला वर्षभरात इतक्या जणांनी समजूत घातल्यासारखं ऐकवलं ते मला लागू नाही, आणि मला वाटतं आपल्यापैकी बऱ्याच जणांना नाही. टायपिंगची पहिली शिकवण अशी की खाली बघायचं नाही. बोटं आपापल्या घरी, ए एस डी एफ डाव्या हाताला, सेमीकोलन एल के जे उजव्या हाताला, आणि नजर कागदावर. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर एफ आणि जे या दोन कीजवर बारीक उंचवटा असतो, हात फिरवून बघा, तो एवढ्याचसाठी असतो की न बघता बोटांना घर सापडावं. जुन्या बटणांच्या फोनवर पाचच्या आकड्यावर टिंब असायचं तेही त्याचसाठी. माझी बोटं आयुष्यभर अशी चाचपून काम करत आली, आणि काचेवर बोटांना काहीच लागत नाही.

मशीन बसवायला आलेल्या मुलाने दहा मिनिटांत डेमो दिला. चांगला होता बिचारा, पण त्याला पुढे अजून घरं होती. मग मुलाने दाखवलं. "हे बघ आई, इथे ऑन, इथे प्रोग्रॅम, इथे स्टार्ट, झालं." त्याचं बोट चार ठिकाणी पडलं आणि मी एकच ठिकाण बघू शकले. मी म्हटलं परत दाखव, तर त्याने परत तेवढ्याच वेगात दाखवलं. तिसऱ्यांदा विचारायची मला लाज वाटली. ती लाज वाटली नसती तर पुढचं बरंच काही वाचलं असतं असं आता वाटतं.

पहिले आठ दहा दिवस घरातले बाकीचेच मशीन लावायचे. मग एका दुपारी घरी कोणी नव्हतं, मी चादरी लावल्या, मशीन चालू झालं, म्हटलं तोवर काच पुसून घेऊ, पुसली. धुणं झाल्यावर दार उघडायला गेले तर काही केल्या कुठलंच बटण चालेना. पॅनलवर फक्त दोन अक्षरं, सी आणि एल. मला वाटलं क्लीन म्हणत असेल, साफ करायला सांगतंय. मी पावडरचं खण काढून धुतलं, दाराचं रबर पुसलं, तरी सी एल तसंच. बटण जोरात दाबलं, अजून जोरात दाबलं. काही नाही. पाऊण तास मी त्या मशीनसमोर उभी होते आणि आत पिळलेल्या चादरी मला काचेतून दिसत होत्या. शेवटी मुलाला ऑफिसात फोन केला, त्याने मीटिंगमधून बाहेर येऊन व्हिडिओ कॉल लावला, मी फोन उलटा धरलाय की सुलटा हे कळण्यात पाच मिनिटं गेली, आणि मग तो म्हणाला, "काही नाही गं, चाइल्ड लॉक लागलंय. ते दोन बटणं एकदम तीन सेकंद दाबून धर."

दाबून धरलं, निघालं. पुसताना फडकं त्या जागेवर तीन सेकंद दाबून राहिलं असणार आणि लॉक लागलं असणार. म्हणजे मी काही चुकीचं केलं नव्हतं, काच पुसली होती. पण संध्याकाळी तो घरी आला आणि म्हणाला, "तू राहू दे आता, मी रात्री आल्यावर लावत जाईन." प्रेमानेच म्हणाला. ते एक वाक्य मात्र मला फार लागलं, त्याला माहीतही नाही किती. पुढचे दोन आठवडे मी मशीनला हात लावला नाही. छोटे कपडे हाताने धुतले आणि मनगट दुखायला लागलं तरी कोणाला बोलले नाही. घरातलं एक काम आपल्या हातून गेलं की त्याच्याबरोबर ठरवण्याचा अधिकारही जातो, कधी धुवायचं, काय धुवायचं, आज की उद्या, सगळं दुसऱ्याच्या सवडीवर. आणि ते काम परत मागायला गेलं की आपण हट्ट करतोय असं समोरच्याला वाटतं.

त्याच सुमारास नवीन चष्म्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांना मी सहज म्हटलं की नवीन मशीनवरची अक्षरं मला दिसतच नाहीत, करड्या रंगाची बारीक अक्षरं, काळी चकचकीत काच, वर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. त्यांनी जे समजावून सांगितलं ते मला कोणीतरी आधीच सांगायला हवं होतं. वय वाढतं तसं डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि भिंग पिवळट होत जातं, त्यामुळे साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. नंबर बरोबर असला तरीही. म्हणजे मुलाला तिथे जे दिसत होतं ते मला दिसतच नव्हतं, आणि तो समजत होता की मी लक्ष देत नाहीये. घरी येऊन मी पहिलं काम काय केलं तर मशीनच्या बाजूला, वर नाही, बाजूला, एक दिवा लावून घेतला. वरचा दिवा काचेत चमकतो, बाजूचा चमकत नाही. एवढ्यानेच निम्मी अक्षरं दिसायला लागली.

बोटांचंही तसंच. टाइपरायटरवर ठोका मारावा लागतो, जेवढा ठोका नीट तेवढं अक्षर नीट, आणि माझ्या हाताला तीच सवय. पण टच पॅनलला जोर कळतच नाही. आपल्या बोटात थोडी वीज वाहून नेण्याचा गुण असतो, बोट टेकलं की काचेखालच्या विद्युत क्षेत्रात फरक पडतो आणि तो फरक मशीन ओळखतं. वयानुसार त्वचा कोरडी होते, बोटांची टोकं जास्तच, आणि कोरड्या बोटाने तो फरक कमी पडतो. म्हणून मी जितकं जोरात दाबत होते त्याचा काही उपयोग नव्हता. बोटाला किंचित क्रीम लावून, नखाने किंवा टोकाने न दाबता बोटाचा मऊ भाग सपाट टेकवला आणि क्षणभर ठेवला की लागतं. ओल्या बोटाने मात्र करू नका, काचेवर पाणी असलं की भलतंच बटण लागतं. फोनवर उलटा त्रास होता, तिथे माझं बोट जरा जास्त वेळ टेकायचं आणि फोन समजायचा की दाबून धरलंय, मग आयकॉन हलायला लागायचे, कधी जागा बदलायचे. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणून भाग असतो, त्यात किती वेळ टेकलं तर दाबून धरलं असं समजायचं ते वाढवता येतं. ते वाढवलं त्या दिवसापासून आयकॉन जागच्या जागी आहेत. दोन वर्षं मी समजत होते की माझा हात थरथरतो.

राहिला कान. धुणं झालं की मशीन वाजतं असं सगळे म्हणायचे आणि मला कधीच ऐकू आलं नाही. जुन्याची टिकटिक ऐकू यायची मग याचं वाजणं का येऊ नये. तर वयाबरोबर कान आधी उंच पट्टीचे आवाज सोडतो, आणि या मशीनची टीं टीं नेमकी बारीक उंच आवाजात असते. कानाच्या तपासणीत निघालं की खालच्या पट्टीचं मला चांगलं ऐकू येतं, वरचं गेलंय. खरं सांगू का, हे कळल्यावर मला वाईट वाटण्यापेक्षा बरंच वाटलं. डोळा, बोट, कान, तिन्हीला कारण होतं आणि त्यात डोकं कुठेच नव्हतं.

मग मी ठरवलं की टायपिंग जसं शिकले तसंच हे शिकायचं. टायपिंगच्या क्लासमध्ये पहिले कितीतरी दिवस एकच ओळ मारायला देतात, ए एस डी एफ, ए एस डी एफ, पानंच्या पानं, आणि ती हातात बसल्याशिवाय वरच्या ओळीला हात लावू देत नाहीत. मशीनवर १४ प्रोग्रॅम आहेत. मी त्यातला एक घेतला, रोजच्या कपड्यांचा, आणि महिनाभर दुसरा बघितलाच नाही.

शिकवायला नात. अकरा वर्षांची आहे. तिच्याशी मी एक करार केला की तू सांगायचंस पण तुझे हात पाठीमागे. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, ज्यांना कोणाला आपल्या आईवडिलांना शिकवायचंय त्यांना मी हात जोडून सांगते, हात पाठीमागे ठेवा. पहिल्या दिवशी तिला फार जड गेलं, मी शोधतेय आणि तिचं बोट आपोआप पुढे येतंय, मग "सॉरी आजी" म्हणून परत मागे. पण दुसऱ्याने केलेलं बघून डोळ्याला कळतं, हाताला कळत नाही, आणि मला हाताला शिकवायचं होतं. तिच्याकडून दुसरी एक गोष्ट कळली ती म्हणजे मशीनचं माहितीपुस्तक फोनवर उतरवून घेता येतं आणि दोन बोटांनी हवं तेवढं मोठं करता येतं. छापील पुस्तक मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात होतं, ते कोणीच उघडलं नव्हतं. फोनवरचं मी पाच दिवसांत सगळं वाचलं. सी एलचा अर्थ तिथे होता. दार धुणं संपल्यावर एक दोन मिनिटं मुद्दाम बंद राहतं हे तिथे होतं, मी मात्र इतके दिवस ते ओढत होते.

वाचता वाचता वहीत लिहून काढलं, माझ्या शब्दांत. पुस्तकात लिहिलंय "प्रोग्रॅम निवडा", माझ्या वहीत लिहिलंय "उजवीकडून तिसरं, शर्टाचं चित्र, दोनदा टेकव, आकडा १:१० दिसला पाहिजे". दिसला पाहिजे हे मी प्रत्येक पायरीला लिहिते, कारण बरोबर झालं की नाही हे कळल्याशिवाय पुढच्या पायरीला जायला धीर होत नाही.

आणि मग उंचवटे. हे मला अंथरुणावर पडल्या पडल्या सुचलं. दुकानात पारदर्शक रबराचे छोटे चिकटणारे थेंब मिळतात, कपाटाचं दार आपटू नये म्हणून लावतात ते. दृष्टिहीन लोक घरातल्या उपकरणांवर असे ठिपके लावून ती वापरतात हे मला नंतर कळलं. मी चार थेंब लावले. ऑनच्या शेजारी एक, स्टार्टच्या शेजारी दोन, चाइल्ड लॉकच्या शेजारी एक. बटणावर नाही लावायचे, शेजारी लावायचे, नाहीतर बटण लागत नाही. पहिल्यांदा हात फिरवला आणि बोटाला तो उंचवटा लागला तेव्हा मला एकदम माझ्या जुन्या टेबलाशी बसल्यासारखं वाटलं. मुलगा म्हणाला, "नव्या मशीनला हे काय चिकटवलंस." सून म्हणाली, "राहू द्या, मलाही अंधारात सापडतं."

वायफायचं सांगायचं राहिलं. मशीन फोनला जोडायचं म्हणून मुलगा आणि त्याचा मित्र एका रविवारी दोन तास बसले होते. ॲपमध्ये खातं, मग ओटीपी, मग पासवर्ड, मग गोल गोल फिरत राहायचं आणि "जोडता आलं नाही". शेवटी कंटाळून सोडून दिलं. मी पुस्तकाच्या एका पानाखाली वाचलं की हे मशीन फक्त २.४ गिगाहर्ट्झवरच जोडलं जातं. तोवर मला ते काय असतं हे माहीत नव्हतं. बऱ्याच राउटरमधून दोन प्रकारचं वायफाय निघतं, एक २.४ आणि एक ५ गिगाहर्ट्झ. ५ वालं वेगवान पण भिंतीपलीकडे लवकर कमी होतं, २.४ वालं हळू पण लांब जातं, आणि घरातली बरीचशी स्मार्ट उपकरणं २.४ वालंच धरतात. आमच्याकडे दोघांची नावं वेगळी आहेत आणि फोन त्या दिवशी ५ वर होता. मी मुलाला म्हटलं, दुसऱ्या नावावर टाकून बघ. तो टाकायला हात पुढे करायला लागला आणि मग थांबला आणि फोन माझ्या हातात दिला. पहिल्याच खेपेत जोडलं गेलं.

त्या ॲपमध्ये ढीगभर गोष्टी आहेत, मला त्यातल्या दोनच कामाच्या वाटतात. धुणं झालं की फोन खिशात थरथरतो, म्हणजे जे कानाला कळत नव्हतं ते आता कळतं. आणि काही बिघडलं तर पॅनलवर नुसता कोड येतो पण ॲपमध्ये वाक्य येतं. चौथ्या महिन्यात मशीन पाणी भरलेलं असताना मध्येच थांबलं, ॲपने सांगितलं पाणी बाहेर जात नाहीये, फिल्टर बघा. घरी कोणी नव्हतं. मी वही काढली. खालचं छोटं झाकण, आत एक बारीक नळी, आधी ती नळी ओढून तिचं बूच काढून उथळ ताटलीत पाणी सोडायचं, ताटली भरली की बूच लावायचं, ओतून यायचं, परत सोडायचं, आणि पाणी पूर्ण थांबल्यावरच शेजारचा फिल्टर फिरवून काढायचा, आधी काढला तर सगळं पाणी जमिनीवर. सात ताटल्या झाल्या. खाली बसून गुडघे धरले. फिल्टरमध्ये केसाची पिन, एक शर्टाचं बटण आणि बोटभर कापसासारखा गोळा निघाला. परत लावला, स्टार्टच्या दोन थेंबांशी बोट नेलं, चालू झालं. ते बटण आणि पिन मी धुऊन टेबलावर ठेवली होती, संध्याकाळी मुलाने विचारलं हे काय, तर सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मला दाखवशील का कसं काढायचं?" मी म्हटलं, "दाखवते, पण तू कर."

टीव्हीचंही मग असंच झालं, ते लांबवत नाही. दोन रिमोट, एक टीव्हीचा एक बॉक्सचा, आणि पडदा निळा पडला की बहुतेक वेळा टीव्हीच्या रिमोटवरचं सोर्स चुकून दाबलेलं असतं, परत सोर्स दाबून एचडीएमआय १ वर आणायचं, आमचा बॉक्स तिथे जोडलाय. सोर्सवर कागदी चिकटपट्टी लावली आणि त्रास संपला.

एक गोष्ट मात्र मला अजून पटलेली नाही आणि कोणी समजावून सांगितली तरी पटेल असं वाटत नाही. कीबोर्डवर क्यू डब्ल्यू ई आर टी वाय ही जी अक्षरांची ओळ आहे ती १८७४ मध्ये बाजारात आलेल्या टाइपरायटरपासून जवळजवळ तशीच आहे. मी तरुणपणी शिकले ते साध्या टाइपरायटरवर चाललं, इलेक्ट्रॉनिकवर चाललं, कॉम्प्युटरवर चाललं, आज फोनच्या पडद्यावरही चालतं. एकदा शिकलेलं इतकी वर्षं पुरलं. आणि हे ॲप पाच महिन्यांत दोनदा बदललं. सकाळी उघडलं तर रंग वेगळा, खालचं बटण वर गेलेलं, "झालेली धुणी" जिथे होतं तिथे काहीतरी विकायला ठेवलेलं. तरुण माणूस पडद्यावर शोधतो आणि पुढे जातो. आम्ही जे सवयीने करायला शिकलेलो असतो ते परत मोडून बांधावं लागतं, आणि वय वाढलं की जुनं मोडायला नवीन शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. जे लोक हे बनवतात त्यांनी निदान बटणांच्या जागा तरी हलवू नयेत, आणि मशीनवर एक, फक्त एक, हाताला लागणारा नॉब ठेवावा. मी कंपनीला हे पत्रात कळवलंय, व्यवस्थित टाइप करून, दोन पानं. त्यांची पोच आली आहे, उत्तर नाही.

काल परत अपडेट आलं. वहीतलं पान उघडलं, "खाली डावीकडे" खोडलं आणि वर "उजव्या कोपऱ्यात, तीन आडव्या रेघा" असं लिहिलं, शेजारी तारीख टाकली. आता ॲपची पानं मी पेन्सिलीने लिहिते. मशीनची पेनाने.